एकोणीस आमदारांचे सरकार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'समाजवादी आणि सत्ता' हा विषय दिला होता. विषय इतका विस्तीर्ण आहे की त्यावर काहीही बोलता येते, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याच्या पदरात फारसे काही पडत नाही. तेव्हा त्यांच्या अनुमतीने मी तो एका निवडणुकीपुरता आणि त्या निवडणुकीतून जन्मलेल्या, जेमतेम अकरा महिने टिकलेल्या एका मंत्रिमंडळापुरता आवरून घेतला आहे. १९५४ च्या फेब्रुवारीत त्रावणकोर-कोचीन राज्याच्या विधानसभेची निवडणूक झाली. १६ मार्चला तेथे प्रजा समाजवादी पक्षाचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. समाजवादी म्हणवणाऱ्या पक्षाचे या देशातले ते पहिले राज्य सरकार. ऑगस्टमध्ये त्या सरकारच्या पोलिसांनी गोळीबार केला. पुढच्या फेब्रुवारीत सरकार गेले आणि १९५५ साल संपता संपता पक्षही दुभंगला.

आपल्या चळवळीतील जुन्या मंडळींशी या प्रकरणाचा विषय काढला की ती ताबडतोब दोन बाजूंना बसत. लोहियांनी राजीनाम्याची मागणी केली ते बरोबर की चूक, एवढाच प्रश्न ती मानत आणि त्याचे उत्तर प्रत्येकाजवळ तयार असे. मला या वादाची थट्टा करायची नाही. त्यात माणसांनी आपली आयुष्ये ओतलेली होती. परंतु सगळी चर्चा ऑगस्टच्या गोळीबारापाशी सुरू होते, हे मला खटकते. ऑगस्टमध्ये जे घडले त्याची पायाभरणी मार्चमध्ये झाली होती, आणि मार्चविषयी आपण फार कमी बोललो आहोत.

आधी ते राज्य समजून घेऊ. त्रावणकोर आणि कोचीन ही दोन संस्थाने १ जुलै १९४९ रोजी एक झाली आणि त्यांचे 'ब' वर्गातील राज्य झाले. त्रावणकोरचे महाराज राजप्रमुख होते. बहुसंख्य प्रजा मल्याळी, परंतु दक्षिणेच्या टोकाला तोवाळ, अगस्तीश्वरम, कल्कुळम आणि विळवंकोड या तालुक्यांत, तसेच शेंकोट्टा भागात तमिळ भाषकांची वस्ती होती. आणि देवीकुळम-पीरमेडूच्या डोंगरावर चहामळ्यांतील मजूर तमिळ होते. साक्षरता देशात सर्वांत पुढे, आणि सुशिक्षितांची बेकारीही तशीच. चर्चचे वजन मोठे, नायर आणि ईळव समाजांच्या संघटना बलवान. अलेप्पीच्या काथ्या कामगारांत कम्युनिस्टांनी वर्षानुवर्षे काम केले होते. १९४६ सालचा पुन्नप्रा-वायलारचा रक्तपात लोक विसरलेले नव्हते.

आपला पक्ष तेथे कशावर उभा होता? खरे सांगायचे तर मुख्यतः एका माणसाच्या प्रतिष्ठेवर. पट्टम थाणू पिल्लै हे संस्थानी राजवटीशी झुंजलेले जुने वकील. १९४८ साली जबाबदार राज्यपद्धती आली तेव्हा ते त्रावणकोरचे पंतप्रधान झाले आणि स्वतःच्याच काँग्रेस सहकाऱ्यांनी काही महिन्यांत त्यांना खाली खेचले. त्यानंतर ते समाजवादी पक्षात आले. करारी, स्वच्छ, प्रशासनावर पकड असलेले, पण टीका सोसण्याची सवय नसलेले गृहस्थ, असे त्यांचे वर्णन करता येईल. ते समाजवादी होते का, हा प्रश्न मात्र त्यांना आत घेताना कोणी नेटाने विचारला नाही. मोठा माणूस आपल्याकडे येतो आहे याचाच आपल्याला आनंद झाला. हा आनंद आपल्या चळवळीला नंतरही अनेकदा झालेला आहे.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत १०८ जागांपैकी काँग्रेसला ४४ मिळाल्या आणि समाजवादी पक्षाला ११. ए. जे. जॉन यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले ते त्रावणकोर तामिळनाडू काँग्रेस या तमिळ भाषकांच्या पक्षाच्या आठ सभासदांच्या आधाराने. तमिळ तालुके मद्रास राज्याला जोडावेत ही त्या पक्षाची मागणी. ती पुरी होत नाही असे दिसताच त्याने आधार काढून घेतला आणि सप्टेंबर १९५३ मध्ये जॉन मंत्रिमंडळ पराभूत झाले. विधानसभा विसर्जित झाली आणि नव्याने मतदान घ्यावे लागले. देशातल्या पहिल्या मध्यावधी निवडणुकांपैकी ही एक.

निकाल लागला तो असा: काँग्रेस ४५, कम्युनिस्ट २३, प्रजा समाजवादी १९, तामिळनाडू काँग्रेस १२, क्रांतिकारी समाजवादी ९, अपक्ष ९. एकूण निवडून आलेले ११७. बहुमताला ५९ हवेत.

ही आकडेमोड जरा सावकाश पाहा. निवडणूक लढवताना आपल्या पक्षाने काँग्रेसविरुद्ध डाव्या पक्षांशी जागांचा समझोता केला होता. कम्युनिस्ट, समाजवादी आणि क्रांतिकारी समाजवादी यांची बेरीज ५१ होते. तामिळनाडू काँग्रेसचे १२ मिळवले की ६३. दुसऱ्या बाजूला काँग्रेसचे ४५ आणि आपले १९ मिळून ६४. एकीकडे त्रेसष्ट, दुसरीकडे चौसष्ट! मतदारांनी आपल्याला तराजूच्या काट्यावर नेऊन बसवले होते. ६३ च्या वाटेवर कम्युनिस्टांचा सहवास होता आणि तमिळ तालुक्यांची किंमत होती. ६४ च्या वाटेवर काँग्रेसचा बाहेरून पाठिंबा होता, आणि त्याची किंमत काय ते कोणी बोलून दाखवले नव्हते. आपण ज्यांच्याविरुद्ध मते मागितली त्यांच्याच आधाराने सरकार बनवले. काँग्रेसने समाजवादावरील प्रेमापोटी हा टेकू दिला, असे मानण्याइतके भाबडे तेव्हाही कोणी नव्हते. कम्युनिस्टांना अधिकारापासून दूर ठेवण्याचा तो स्वस्तातला उपाय होता.

याला पक्षाच्या धोरणात आधार होता काय? डिसेंबर १९५३ च्या अखेरीस अलाहाबादच्या अधिवेशनात पक्षाने ठरवले होते की काँग्रेस, कम्युनिस्ट आणि जातीयवादी पक्ष या तिघांशीही आघाडी करायची नाही. त्याच अधिवेशनातून डॉ. लोहिया सरचिटणीस झाले. त्या वर्षीच जयप्रकाशजी आणि पंडित नेहरू यांची बोलणी फिसकटली होती आणि बेतूलला अशोक मेहतांनी मागासलेल्या अर्थव्यवस्थेच्या राजकीय अपरिहार्यतेचा सिद्धांत मांडून काँग्रेसशी सहकार्याची दिशा सुचवली होती. अलाहाबादने ती दिशा नाकारली. तीन महिनेही लोटले नाहीत तोच त्रिवेंद्रमला आपले सरकार काँग्रेसच्या मतांवर उभे राहिले. बाहेरून मिळालेला पाठिंबा ही आघाडी नव्हे, अशी समजूत घालून घेण्यात आली. शब्दाच्या दृष्टीने ती खरी होती. आणि हे विसरता कामा नये की हे मंत्रिमंडळ लोहियांच्या सरचिटणीसपदाच्या काळातच आले.

मी अधिकार घेण्याविरुद्ध बोलत नाही. सत्तेला शिवायचेच नाही हे व्रत पक्षाला परवडत नाही. तसे असेल तर निवडणूक कशाला लढवायची? एकोणीस जणांच्या सरकारलाही काही करून दाखवता आले असते. पट्टम मंत्रिमंडळाने जमीनसुधारणेची विधेयके तयार केली, ही त्याची जमेची बाजू नोंदवायलाच हवी. परंतु कुळाला संरक्षण देणारे विधेयक मंजूर करायला ज्या ४५ जणांची मते लागणार होती, त्यांच्यात जमीनदारांचे हितसंबंधी कमी नव्हते. विधेयके कायदा होण्यापूर्वीच सरकार गेले.

ज्या सरकारचे बहुमत दुसऱ्याच्या खिशात असते त्याला स्वतःचे म्हणून काय उरते? सचिवालय उरते आणि पोलीस उरतात. विधानसभेत आपली ताकद नसली की मंत्री नकळत प्रशासनावर अधिक विसंबू लागतो. अधिकारी सांगतात तेच सत्य, ते करतात तेच आवश्यक, असे त्याला वाटू लागते. कारण त्यांच्याशी भांडण झाले तर पाठीशी उभे राहायला सभागृहात कोणी नसते. पट्टम तर स्वभावानेच खंबीर शासनाचे भोक्ते. त्यात तमिळ तालुक्यांचा प्रश्न मल्याळी अस्मितेचा झालेला. देवीकुळम-पीरमेडूच्या डोंगरात मल्याळी शेतकऱ्यांची वसाहत उभारण्याची योजना याच सरकारची. तिला लोक आजही पट्टम कॉलनी म्हणतात. भूमिहीनाला जमीन देणे हे समाजवादी काम खरे, पण सीमेचा वाद पेटलेला असताना कोणत्या भाषेचा भूमिहीन कोठे नेऊन वसवायचा, यात दुसराही हिशेब असतो.

तामिळनाडू काँग्रेसने ए. नेसमणी यांच्या नेतृत्वाखाली चळवळ तीव्र केली. ११ ऑगस्ट १९५४ हा दिवस तिने मुक्तिदिन म्हणून पाळला. त्या दिवशी मार्तांडम भागात निदर्शकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. किती मेली याबाबत सरकारचा आकडा आणि चळवळीचा आकडा कधीच जुळले नाहीत.

डॉ. लोहिया तेव्हा उत्तर प्रदेशात तुरुंगात होते. कालव्याच्या पाणीपट्टीतील वाढीविरुद्ध त्यांनी आंदोलन पुकारले होते. तुरुंगातूनच त्यांनी तार केली की मंत्रिमंडळाने राजीनामा द्यावा. स्वतंत्र देशाच्या सरकारने नि:शस्त्र जनतेवर गोळी चालवणे हे परकी राजवटीचे वर्तन होय. काँग्रेस सरकारांच्या गोळीबारांचा आपण निषेध करतो, मग आपल्या सरकारला वेगळे माप कसे लावणार, अशी त्यांची भूमिका. पट्टम यांनी राजीनामा देण्याचे नाकारले. राष्ट्रीय कार्यकारिणी लोहियांच्या बाजूने उभी राहिली नाही. त्यांनी सरचिटणीसपद सोडले. नोव्हेंबरमध्ये नागपूरला पक्षाचे खास अधिवेशन भरले. त्यात बहुमत नेतृत्वाच्या बाजूने पडले, पण अल्पमतही उपेक्षा करण्यासारखे नव्हते. आचार्य नरेंद्र देव अध्यक्ष झाले आणि त्यांनी आपल्या खंगलेल्या प्रकृतीची पर्वा न करता पक्ष एकत्र ठेवण्याची शिकस्त केली.

लोहियांच्या विरुद्ध बाजूने जे सांगितले गेले ते पोकळ नव्हते. चौकशीपूर्वीच सरकारने अपराध कबूल केल्यासारखे राजीनामा द्यावा काय? प्रत्येक गोळीबारानंतर सरकारे पडू लागली तर ज्याला सरकार पाडायचे आहे तो गोळीबार घडवून आणील, त्याचे काय? आणि सर्वांत अवघड मुद्दा असा की मुख्यमंत्री विधानसभेला जबाबदार असतो. शेकडो मैल दूर असलेल्या पक्षाच्या सरचिटणीसाने तारेने त्याला पायउतार होण्यास सांगावे, हे संसदीय लोकशाहीत बसते काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या चळवळीने आजतागायत नीट दिलेले नाही. कम्युनिस्टांनी दिले: पक्षाचा शब्द अखेरचा. काँग्रेसनेही दिले: श्रेष्ठींचा शब्द अखेरचा. आपण मात्र दोन्ही उत्तरांना नाके मुरडली आणि तिसरे शोधले नाही.

तरीही माझे मत लोहियांच्या बाजूला झुकते. विरोधात असताना जो पक्ष गोळीबाराविरुद्ध ठराव करतो, त्याने अधिकारावर येताच चौकशीच्या अहवालाची वाट पाहावी, हे लोकांना पटत नाही आणि पटूही नये. फक्त माझी तक्रार अशी आहे की हे तत्त्व ऑगस्टमध्ये तारेने कळवण्याचे नव्हते. ते मार्चमध्ये शपथविधीपूर्वी लिहून घ्यायचे होते. नि:शस्त्र जमावावर गोळी चालवायची नाही, चालवली तर जबाबदार अधिकारी त्याच दिवशी बाजूला केला जाईल, तमिळ तालुक्यांचा प्रश्न पोलिसांकडे न सोपवता केंद्राने नुकत्याच नेमलेल्या राज्य पुनर्रचना आयोगाकडे न्यावा, त्यासाठी नेसमणींशी बोलणी सुरू ठेवावीत, एवढा लेखी कार्यक्रम करून मग काँग्रेसला विचारायचे होते, की या अटींवर पाठिंबा देता काय? दिला असता तर सरकारला कणा मिळाला असता. नसता दिला तर विरोधात बसलो असतो आणि काही बिघडले नसते. असे काही लिहिलेच नसल्यामुळे पट्टम यांनी पक्षाची आज्ञा मोडली असेही म्हणता येत नव्हते. जी आज्ञा आधी दिली नव्हती ती मोडणार तरी कशी?

पुढच्या घटना भराभर सांगतो. जानेवारी १९५५ मध्ये आवडी येथे काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. त्याचे स्वागत करावे की त्याला ढोंग म्हणावे, यावरून आपला वाद आणखी विकोपाला गेला आणि मुंबईत मधु लिमये यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली. फेब्रुवारीत काँग्रेसने पट्टम यांच्या पायाखालची सतरंजी ओढली. ज्या सरकारसाठी आपण पक्षाची शकले करायला निघालो होतो ते सरकार पाठिंबा देणाऱ्यांनीच पाडले, आणि पनंपिळ्ळी गोविंद मेनन यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. डिसेंबरच्या अखेरीस हैदराबादला लोहियांनी वेगळा समाजवादी पक्ष स्थापन केला.

आणि ज्या मागणीसाठी मार्तांडमला माणसे मेली तिचे काय झाले? १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत ते चारही तालुके आणि शेंकोट्ट्याचा काही भाग मद्रास राज्याला जोडण्यात आला. गोळीबारानंतर अवघ्या सव्वादोन वर्षांनी.

याचा फायदा कोणाला झाला ते १९५७ मध्ये दिसले. नव्या केरळ राज्यात १२६ जागांपैकी कम्युनिस्टांना ६० मिळाल्या आणि त्यांनी पाच अपक्षांच्या साथीने ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे सरकार स्थापन केले. आपल्याला नऊ. पण नियतीचा खेळ असा की त्या सरकारपुढेही तोच प्रश्न उभा ठाकला. १९५८ मध्ये चंदनत्तोप येथे काजू कामगारांवर आणि जून १९५९ मध्ये अंगमाली येथे जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. कामगारांचे म्हणवणारे सरकार, आणि मेले ते कामगार. तेव्हा सरकार हटवण्याच्या 'विमोचन' आंदोलनात आघाडीवर कोण? पट्टम थाणू पिल्लै आणि प्रजा समाजवादी पक्ष. मार्तांडमनंतर जे राजीनामा द्यायला तयार नव्हते तेच आता दुसऱ्याच्या गोळीबाराचा जाब विचारत होते. ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने ते सरकार बरखास्त केले. १९६० मध्ये काँग्रेसशी उघड आघाडी करून आपल्या पक्षाने वीस जागा मिळवल्या. पट्टम पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि १९६२ मध्ये त्यांना पंजाबच्या राज्यपालपदी धाडून काँग्रेसने मुख्यमंत्रिपद आपल्याकडे घेतले. आपल्याला दुसऱ्यांदा रस्ता दाखवण्याची ही रीत पहिल्यापेक्षा सभ्य होती, एवढेच.

आता थोडे आपल्या घराकडे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, त्यानंतर १९५६ च्या जानेवारीत झाला. भाषिक राज्य मागणाऱ्या शंभरावर माणसांनी प्राण दिले. मोरारजी देसाईंच्या सरकारविरुद्ध महाराष्ट्र पेटून उठला, आणि एसेम जोशी संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस म्हणून त्या लढ्याच्या अग्रभागी होते. त्या काळात मराठी समाजवाद्यांनी गोळीबाराविरुद्ध केलेल्या भाषणांत एक शब्दही खोटा नव्हता. पण अवघ्या पंधरा महिन्यांपूर्वी तशाच मागणीसाठी जमलेल्या तमिळ लोकांवर आपल्याच पक्षाच्या सरकारने गोळी चालवली होती, आणि आपल्यातल्या पुष्कळांनी नागपूरला त्या सरकारच्या बाजूने हात वर केले होते. हुतात्मा चौकात फुले वाहताना मार्तांडमची आठवण आपण काढत नाही. बेळगाव-कारवारच्या मराठी भाषकांची बाजू मांडणाऱ्याने तरी ती काढायला हवी, कारण त्या चार तालुक्यांतील तमिळ माणसाची तक्रार शब्दश: हीच होती.

१९६७ मध्ये केरळमध्येच संयुक्त समाजवादी पक्षाचे एकोणीस आमदार निवडून आले. पुन्हा एकोणीस! या वेळी ते नंबुद्रिपादांच्या आघाडीत बसले आणि दोन-अडीच वर्षांत तीही मोडली. १९७७ नंतर दिल्लीत, १९७८ मध्ये महाराष्ट्रात पुलोदच्या मंत्रिमंडळात आपली माणसे मंत्री झाली. दर वेळी शपथविधीची घाई आणि अटींचा विसर, हा क्रम फारसा बदलला नाही. त्या प्रत्येकाची कथा वेगळी आहे आणि आज वेळ नाही.

तुमच्यापैकी अनेक जण नगरपालिका आणि पंचायत समित्यांत काम करता. तेथे आपले तीन किंवा चार सदस्य निवडून येतात आणि दोन मोठे गट सभापतिपद देऊ करत दारात उभे राहतात. दुपारच्या सत्रात गटागटाने बसाल तेव्हा मला वाटते एवढाच प्रश्न घ्यावा: पाठिंबा घेण्यापूर्वी कोणत्या गोष्टी कागदावर लिहून घ्यायच्या, त्या मोडल्या गेल्या असे कोणी ठरवायचे, आणि सदस्य ऐकत नसेल तर त्याला परत बोलावण्याचा अधिकार तालुका शाखेला असावा की जिल्हा समितीला? प्रत्येक गटाने आपले उत्तर लिहून आणावे. पट्टम-लोहिया वादात कोणाची बाजू घ्यायची ते चहाच्या वेळी ठरवता येईल.